खुले पत्र : धम्म शिकवणाऱ्याला तुम्ही विचारलंत काय, साहेब?

मा. मंत्रिमहोदय, कर्नाटक सरकार,

(खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचा अर्ज तीन खात्यांत फिरून परत आलाय, त्यामुळे नेमकं कुणाच्या नावानं ओरडायचं हे आम्हालाही कळेना.)

सप्रेम जयभीम.

निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यातल्या विहारांसाठी धम्मशिक्षक तयार करू, वर्षभराचा अभ्यासक्रम असेल, पाली शिकवायला माणूस देऊ, पुस्तकं मराठी आणि कन्नड दोन्हीत काढू, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. टाळ्याही आम्हीच वाजवल्या. गेल्या आठवड्यात हातात पडलं ते दोन दिवसांचं शिबिर, एक प्लास्टिकची फाइल आणि नावाची जागा मोकळी ठेवून आधीच सही केलेलं प्रमाणपत्र. अर्जात रकाने चार : पदवी, कन्नड येत असल्याचा दाखला, जातीचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स. धम्म येतो का, हा रकाना नाही.

तो भरायला काय लागतं, ते कळवतो. हे आमच्या मनचं नाही. कोसंबीच्या घोसितारामात उदायी भिक्खू गृहस्थांच्या मोठ्या सभेपुढं धम्म सांगत होते. बुद्धांचे शिष्य भन्ते आनंद यांनी ते बुद्धांच्या कानावर घातलं, तेव्हा बुद्ध म्हणाले की दुसऱ्याला धम्म सांगणं सोपं नाही, पाच गोष्टी मनाशी पक्क्या करूनच तोंड उघडावं. क्रमानं सांगेन, कारण दाखवून सांगेन, करुणेपोटी सांगेन, आमिषासाठी सांगणार नाही, स्वतःला वा दुसऱ्याला इजा होईल असं सांगणार नाही. पाली त्रिपिटकातल्या अंगुत्तर निकायात, पाच-पाच गोष्टींच्या सुत्तांचा जो पंचक निपात आहे, त्यात हे आहे. आपल्या सल्लागारांनी उघडून बघावं, फार पानं नाहीत.

पहिल्याच अटीवर निम्मे वक्ते गळतात. क्रम ठरलेला आहे : आधी दानाची गोष्ट, मग शीलाची, मग सुगतीची, मग कामसुखातले दोष, मग त्यागाचा लाभ. ऐकणाऱ्याचं मन मऊ झालं, तयार झालं, की मगच चार आर्यसत्यं. आपल्या फाइलीत पहिल्याच पानावर ‘सर्व दुःख आहे’ छापलंय. नवा माणूस तेच वाचून दाखवतो, पोरं म्हणतात हा धर्म रडका, आणि पुढच्या रविवारी विहारात म्हातारी माणसं तेवढी उरतात. संसारी माणसाला आधी सिगालोवाद सुत्त द्यावं. आई-बाप, गुरू, बायको, मित्र, नोकर, श्रमण या सहा दिशांशी कसं वागायचं ते त्यात उघड सांगितलंय. ते फाइलीत नाही.

आता छपाई. पंचशीलातलं दुसरं शील ‘अदिन्नादाना’. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. फाइलीत छापलंय ‘अदिन्नदाना’. एक काना गेला आणि अर्थ झाला न दिलेल्याचं दान! (आपल्या आश्वासनाला हा शब्द चपखल बसतो, पण शील घेताना चालत नाही.) ‘सरणं’चं ‘शरणम्’ केलंय. पालीत श नाही, ष नाही, एकच स. ही कुरकुर नव्हे. श्रामणेर प्रव्रज्येत, म्हणजे भिक्खू होण्याआधीच्या पहिल्या दीक्षेत, त्रिसरण देणारा आणि घेणारा, दोघांचाही उच्चार शुद्ध लागतो, असं अट्ठकथा, म्हणजे त्रिपिटकावरची जुनी पाली टीका, सांगते. ओठ मिटून ‘म्’ म्हणायचं की अनुस्वार ठेवायचा, हे समोर बसून कानानं शिकावं लागतं. फाइल वाचून येत नाही.

आणि मुदत? उपसंपदा म्हणजे पूर्ण दीक्षा झालेला भिक्खूसुद्धा निदान पाच वर्षं आचार्यांच्या आश्रयानं राहतो. दहा वर्षावास (पावसाळ्यात एका जागी मुक्काम, वर्षाला एक) झाल्याशिवाय कुणाचा उपाध्याय, म्हणजे दीक्षागुरू, होता येत नाही, आणि नुसती दहा वर्षं मोजूनही नाही, तो जाणताही हवा. आपल्याच राज्यात मुंडगोडला तिबेटी मठांत गेशे (तिथली मोठी धर्मपदवी) व्हायला वीसेक वर्षं घासतात. आमच्या वाट्याला दोन दिवस, त्यातला अर्धा सत्कारात.

सत्काराचं निघालंच म्हणून. पाहुण्यांना मंचावर सोफा, आणि देसना, म्हणजे प्रवचन, देणाऱ्या भन्तेंना खाली प्लास्टिकची खुर्ची. उंच आसनावर बसलेल्या धडधाकट माणसाला खालच्या आसनावरून धम्म सांगायचा नाही, असा भिक्खूंच्या शिस्तीतला सेखिय नियम आहे. भन्ते गप्प बसले, तो अशक्तपणा नव्हता.

पदवीची अट कुणी घातली? बुद्धांच्या काळातल्या सामावती राणीची दासी खुज्जुत्तरा बघा. ती धम्म ऐकून यायची आणि राणीला सांगायची. तिला आधी अंघोळ घालून उंच आसनावर बसवलं, मग राणी ऐकायला बसली, असं अट्ठकथेत आहे. बुद्धांनी तिला बहुश्रुत उपासिकांत अग्र म्हटलं. चित्त गहपती साधा गृहस्थ, तो धम्मकथिक, म्हणजे धम्म सांगणाऱ्या, उपासकांत अग्र. दोघांचे अर्ज आपल्या खिडकीवर ‘अपूर्ण’ शेरा मारून परत गेले असते.

मानधन बौद्धाचार्याच्या (विहारात धम्म सांगणाऱ्या गृहस्थाच्या) खात्यावर नको, विहार समितीच्या खात्यावर टाका. त्यातून बसभाडं नि पुस्तकं भागतील. माणसाच्या नावानं पैसे आले की धम्म शिकवणारे मागं राहतात आणि पासबुकवाले पुढं येतात. परीक्षाच घ्यायची तर पालीतलं त्रिसरण-पंचशील आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणवून घ्या, आणि बिडीच्या कारखान्यातून आलेल्या बाईला एक शील तिच्या बोलीत वीस मिनिटं समजावून सांगायला लावा. परीक्षक दहा वर्षावासांचे भन्ते असू देत. वर्ग आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने.

बोलीवरून आठवलं. बुद्धवचन छंदात बसवू का, असं दोन ब्राह्मण भावांनी विचारलं तेव्हा बुद्धांनी नकार दिला, आपापल्या भाषेत शिका म्हणाले. कन्नडशी आमचं भांडण नाही. कन्नड बोलणारे बौद्ध याच विहारात आमच्या शेजारी बसतात, आणि त्यांच्या फाइलीतही तोच काना गायब आहे. पण भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथं सूचना त्यांच्या भाषेतही द्यावी, हे केंद्राचं जुनं धोरण. आम्हाला सूचना मराठीत आली ती फक्त ‘रांगेत उभे राहा’.

साहेब, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचनेत आम्ही म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलो. मधे अठरा दिवस. बाबासाहेब १९२५ साली निपाणीच्या परिषदेला आले, त्या गावात आज पाली शिकवणारा शोधावा लागतो. २००१ च्या जनगणनेत राज्यात तीन लाख नव्वद हजारांवर बौद्ध होते, २०११ ला पंचाण्णव हजारांवर. उरलेले कुठं गेले, असं कुणी विचारलं का? निवडणूक आली की बावीस प्रतिज्ञा आठवतात, आणि हिवाळी अधिवेशन सरलं की बेळगावच विसरतं. सीमावाद न्यायालयात, अर्ज टपालात, आणि आम्ही मधे.

बुद्धांच्या काळी सोण कुटिकण्णाला उपसंपदेसाठी लागणारे दहा भिक्खू दूरच्या अवंतीत जमेनात, तो तीन वर्षं थांबला. ते कळल्यावर बुद्धांनी नियमच सैल केला : मध्यदेशात दहा, प्रत्यंत जनपदात, म्हणजे सीमेवरच्या मुलखात, पाच पुरेत, त्यांतला एक विनयधर (संघाचे नियम जाणणारा) हवा. सीमेवरच्या माणसाची अडचण त्यांना निरोपावरून समजली. आम्ही तर अर्ज दिलाय, पोचपावतीसह.

आपला,
एका विहार समितीचा सचिव, बेळगाव सीमाभाग

ता. क. : तीस कोरी प्रमाणपत्रं उरली आहेत. सही झालेली आहे. कुठं पाठवू?