अण्णा, पेटीचे पैसे अजून माझ्याकडेच आहेत

प्रिय अण्णा,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र मी दोनदा तुमच्या हातात द्यायला आले. दोन्ही वेळा तुम्ही "ठेव तिथं" म्हणालात, आणि ते भुशाखाली गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. नातू फोनवर वाचून दाखवील. तो वाचत असताना मध्येच उठून रंधा हातात घ्यायचा नाही.

माझे वडील, आप्पा, गेले ते मे २०२१ मध्ये, पहाटे. १० तारखेपासून कर्नाटकात पूर्ण लॉकडाऊन होता. दादा कोल्हापुरात. राज्याच्या सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट लागत होता आणि त्याचा रिपोर्ट यायचा होता. आई पॉझिटिव्ह, आतल्या खोलीत. वडगावच्या त्या घरात मी आणि माझा फोन. फोनवर वचनं येत होती, फुलांच्या चित्रांवर छापलेली. वाचून मला राग आला, आणि रागाची लाजही वाटली, कारण आदल्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका घरी तशीच फुलं पाठवली होती.

मग तुमचा फोन आला. "आप्पांची उंची किती गं?"

सांत्वन नाही, प्रार्थना नाही. मी म्हटलं, पाच फूट सात. "खांदे रुंद होते त्यांचे. पिशवीसकट ठेवायचं म्हणजे दोन-दोन इंच जास्त धरतो." आणि फोन बंद. त्या दिवसात मला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा. कुणीतरी आप्पांचे खांदे लक्षात ठेवले होते.

दुकानं बंद, लाकडाच्या वखारी बंद. आप्पांच्या शवपेटीसाठी तुम्ही घरातला आंब्याच्या फळ्यांचा माळा उतरवला, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. दुपारी दफनभूमीत आपण पाचच जण, तेवढीच परवानगी होती. पाळकसाहेब, तुम्ही, तरुण संघाची दोन पोरं आणि मी. वर तांबडी माती, दोन फुटांखाली जांभा. त्या प्लास्टिकच्या पोशाखात, मे महिन्याच्या उन्हात, सत्तरीच्या माणसानं पहार चालवायची नसते. पोरं "अण्णा, आम्ही बघतो" म्हणत होती आणि तुम्ही त्यांच्यावर कन्नडात खेकसत होता. तुमचं मोजमाप मराठीत आणि राग कन्नडात, हे सगळ्या चर्चला माहीत आहे. खड्डा झाला, फवारणी झाली, दोर सुटले. "मातीला माती" म्हणताना पाळकसाहेबांचा आवाज मास्कमधून नीट ऐकूच आला नाही. मग तुम्ही तेच पुन्हा मोठ्यानं म्हणालात, जसं काही भिंतीपलीकडच्या आईला ऐकू जायला हवं होतं.

महिन्याभरानं मी पैसे घेऊन आले, तेव्हाचं आपलं बोलणं मी आजवर शंभर जणांना सांगितलंय. तुम्ही उत्पत्तीचा तेविसावा अध्याय काढलात. देवानं अब्राहामाला अख्खा कनान देईन म्हटलं होतं, आणि त्याच्या नावावर झालेली पहिली जमीन कोणती? सारेला पुरायला घेतलेली मकपेलाची गुहा आणि तिथलं शेत. मी म्हटलं, अण्णा, त्या शेताचा मालक एफ्रोन तर तसंच देतो म्हणत होता. अब्राहामानं ऐकलं नाही, चारशे शेकेल रुपे तोलून दिलं. मग माझे का घेत नाही?

"तू अब्राहामाच्या बाजूनं बोलतेस. मी एफ्रोनाच्या बाजूचा."

"पण एफ्रोनानं शेवटी घेतलेच की पैसे!"

"म्हणून तर कुणी पोराचं नाव एफ्रोन ठेवत नाही." असं म्हणून तुम्ही असे हसलात की पुढं बोलणंच खुंटलं.

खरं कारण काकूंनी सांगितलं. तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते. तुमची थोरली लेक आठ महिन्यांची असताना गेली. तुम्ही तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर होता आणि पेटीपुरतंही लाकूड नव्हतं. कुणीतरी रात्री आपल्या घराच्या कपाटाची दारं काढून आणून दिली. ते कोण, हे तुम्ही काकूंनाही सांगितलेलं नाही. तेव्हापासून तुम्ही पेटीचे पैसे घेतले नाहीत. मराठी उपासनेच्या माणसांच्या पेट्या, कन्नड उपासनेच्या माणसांच्या पेट्या, कॅम्पातल्या तमिळ घरांच्याही.

संडे स्कूलात आम्ही पाठ केलं होतं की लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. २०२० साली त्याला दोनशे वर्षं झाली, तीही कुलपात गेली. पहिल्या साहेबांची नावं आम्हाला येतात. पण या दोनशे वर्षांत आपल्या माणसांना पुरलं कुणी, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पंचकमिटीनं गेल्या वर्षी तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. तुम्ही त्या रविवारी मागच्या बाकावरही नव्हता. मला तेव्हा ते जरा आडमुठेपणाचं वाटलं, आजही थोडं वाटतं. माणसांना आभार मानू देणं हीसुद्धा त्यांना केलेली मदतच असते, अण्णा. तेवढी एक मदत तुम्हाला जमत नाही.

पण तुम्ही मला काम दिलंत, त्याबद्दल मात्र आभार घ्यावेच लागतील. "शिलाई येते ना? मग अस्तर तू शिवायचं." तेव्हापासून मी तुमच्या पेट्यांचं अस्तर शिवते. पांढरं मांजरपाट, कडेला चुण्या, डोक्याशी छोटी उशी. खांद्याच्या जागी फळी वाकवायची तर आतून करवतीचे अर्धवट छेद घ्यायचे, गरम पाणी सोडायचं आणि घाई करायची नाही, हे मी बघून बघून शिकले. तरुण संघातला धाकटा आता छेद तुमच्यापेक्षा सरळ घेतो. तुम्ही त्याच्या तोंडावर कबूल करणार नाही, पण त्याच्या पाठीमागं तुम्ही माझ्याजवळ कबूल केलंय, आणि मी त्याला सांगितलंय.

माझी मुलगी सातवीत आहे. मागच्या महिन्यात ती विचारत होती, आई, आज कुणाची उशी? मी नाव सांगितलं. तिनं सुईत दोरा ओवून दिला आणि अभ्यासाला बसली. आप्पांना हे बघायला मिळायला हवं होतं.

पैशांचं पाकीट अजून माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. त्यातून मांजरपाट आणते, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आता झालं. या वेळी आठ मीटर आणलंय. शनिवारी दुपारी येते. काकूंना सांगा, चहा मी करीन. आणि पाठ दुखत असेल तर पहार पोरांना द्या.

तुमची,
आप्पांची धाकटी
वडगाव, बेळगाव