बीपीच्या पेशंटला रागावून काय होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीपीबद्दल जे छापून येतं ते बहुतेक भीती घालणारं असतं, हार्ट अटॅक येईल, पॅरालिसिस होईल, किडनी जाईल. ते खोटं नाहीये, पण ज्याला बीपी आहे त्याला हे सगळं ठाऊक असतं, घरातले रोज ऐकवतच असतात, तरी गोळी राहून जाते आणि चालायला जाणं उद्यावर पडतं. कारण या आजारात दुखतखुपत काही नाही. आज गोळी चुकली तर आज काहीच होत नाही, मग नुसत्या धाकावर माणूस किती दिवस पथ्य पाळणार?

मला मनापासून वाटतं की आधी झेपेल अशी एकच गोष्ट धरावी आणि ती पेशंटने स्वतः निवडावी. वजन उतरवा, मीठ कमी करा, सिगरेट सोडा, टेन्शन घेऊ नका असं एका दमात सांगितलं की त्यातलं एकही होत नाही. आठवड्याला १५० मिनिटं चाला म्हटलं की छातीत धडकीच भरते, पण जेवणानंतर १० मिनिटं कुणालाही जमतात, आणि ती अंगवळणी पडली की वाढवता येतात.

मिठाचं काम मात्र एकट्याचं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात ब्रेड, सॉस, पाकिटातल्या खाण्यातलं मीठपण आलं. पेशंटचं ताट वेगळं काढलं की त्याला ती शिक्षा वाटते, सगळ्या घरानेच कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि कुणाला वेगळं पाडल्यासारखंही वाटत नाही.

सगळ्यात उपयोगी पडतं ते घरचं बीपी मोजायचं मशीन, कारण आपण केलेल्याचा आकडा आपल्यालाच दिसतो. पण ते नीट वापरायला कुणी शिकवतच नाही! आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून लिहून ठेवायचं. एखादा आकडा वर गेला म्हणून घाबरू नये, पण घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना वही दाखवावी. आणि आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, तो बऱ्याचदा गोळीमुळेच नॉर्मल असतो. चक्कर वगैरे त्रास होत असेल तर तसं सांगावं, डोस बदलता येतो.

डॉक्टरांनाही विनंती आहे, "पथ्य पाळत नाही वाटतं" याऐवजी "यावेळी काय जमलं, कुठे अडलं?" एवढं विचारा, लोक खरं सांगतील.

१७ मेला जागतिक उच्च रक्तदाब दिन असतो. त्या दिवशी तुमच्या पेपरात बीपी मोजायची पद्धत चित्रांसकट छोट्या चौकटीत छापाल का, म्हणजे ती कापून मशीनच्या डब्यात ठेवता येईल?

- एक वाचक