फाइल बंद झाली, फुप्फुसं अजून वाढतायत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात मी परिचारिका आहे. कोरोनाच्या लाटांमध्ये तिथेच होते, आजही तिथेच आहे. हे पत्र मोजक्याच मुलांविषयी आहे. कोरोना झालेली बहुतेक मुलं सर्दी-तापावर निभावली, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या आनंदात ‘मुलांना काही होत नाही’ हे वाक्य इतकं रुजलं की ज्यांना झालं, त्यांच्याकडे पाहायचं राहून गेलं.

दहा महिन्यांचं एक बाळ आमच्याकडे आलं होतं. या वयात श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असला की तो जलद धरतात. त्याचा सत्तरच्या वर होता. नाकपुड्या फुललेल्या, दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची, मान हलायची. श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. आईला वाटलं, बाळ कुरकुरतंय. खरं तर असा आवाज येतो तेव्हा बाळ घसा आवळून थोडी हवा छातीत कोंडून धरत असतं, आतले वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, मिटू नयेत म्हणून. दहा महिन्यांच्या जिवाला हे कुणी शिकवलेलं नसतं. मोठ्यांचा ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला बसेना. पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचा सेन्सर शोधून आणला, तेव्हा कळलं, ऑक्सिजन ८६.

आत काय चाललं होतं, ते सांगते. कोरोनाचा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या ग्राहीला, म्हणजे पेशीच्या दारासारख्या प्रथिनाला, चिकटून आत शिरतो. वायुकोशांच्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांच्यावर ही ग्राही असते. याच पेशी सरफॅक्टंट नावाचा पातळ, साबणासारखा थर बनवतात. तो असतो म्हणून श्वास सोडल्यावरही वायुकोश उघडे राहतात. शिवाय अस्तर फाटलं तर नव्या पेशी पुरवायचं कामही त्यांचंच. म्हणजे एकाच घावात थरही जातो आणि दुरुस्ती करणाराही. मग केशवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं पाझरतात, वायुकोशांच्या भिंतीवर चिकट पापुद्रा धरतो आणि ऑक्सिजन रक्तापर्यंत पोहोचत नाही. त्यात बाळाची श्वासनळी जेमतेम ४ मिलिमीटरची. तिला चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर हवेची वाट पावपट उरते. ८ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेनंतर निम्म्याहून जास्त वाट शिल्लक राहते.

अशा मुलाला आम्ही व्हेंटिलेटर लावतो. त्याने जीव वाचतो. पण जास्त दाबाची हवा आणि जास्त ऑक्सिजन दिवसेंदिवस दिला तर कोवळ्या फुप्फुसाला त्याचीही इजा होते. ते बटण फिरवताना माझा हात दर वेळी थबकतो.

महोदय, मोठ्या माणसाचं फुप्फुस बांधून झालेलं असतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याकडे साधारण २ ते ५ कोटी वायुकोश असतात. मोठेपणी ते ३० ते ५० कोटींच्या घरात जातात. यातली मोठी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतली. नेमक्या त्याच काळात तिथे जखम आणि व्रण झाले तर नवे वायुकोश कमी आणि बेढब होण्याची भीती असते. अपुऱ्या दिवसांच्या, बराच काळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या बाळांमध्ये आम्ही हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. उलट बाजूही तितकीच खरी आहे. फुप्फुस वाढत असतं म्हणूनच मुलं मोठ्यांपेक्षा चांगली भरूनही निघतात. कोण भरून निघतंय आणि कोण मागे पडतंय, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि मोजणंच होत नाही. स्पायरोमेट्री ही फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला नीट जमत नाही. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला की मूल बरं झालं असं धरतात. ऑसिलोमेट्री या दुसऱ्या तपासणीत मुलाने यंत्रातून फक्त शांतपणे श्वास घ्यायचा असतो; तीन वर्षांच्या मुलाचीही ती करता येते. हे यंत्र प्रत्येक मोठ्या बालरुग्णालयात द्या. ज्या मुलांना कोरोनात ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला, त्यांची यादी करून त्यांना दरवर्षी बोलावून घ्या. लहान मुलांचे सेन्सर प्रत्येक आरोग्य केंद्रात हवेत, आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला तिथल्या प्रत्येकाला शिकवा. त्याला तर पैसाही लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कोरोनाची लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर प्रतिपिंडं बाळापर्यंत पोहोचतात, हे प्रत्येक गरोदर बाईला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. फुप्फुसांची ताकद मात्र विशी-पंचविशीत पूर्णत्वाला जाते, मग उतरू लागते. शिखरच ठेंगणं राहिलं तर धाप लवकर गाठते. २०२१ साली वर्षाचं असलेलं मूल त्या शिखरावर २०४० नंतर पोहोचेल. तोवर त्याची फाइल उघडी राहायला हवी.

ते बाळ वाचलं. तीन वर्षांचं झाल्यावर आई त्याला घेऊन भेटायला आली. म्हणाली, “सिस्टर, हा फार शांत आहे. इतर मुलांसारखा पळापळ करत नाही.” मी त्याला खेळणं दाखवून जिन्याकडे नेलं. पाच पायऱ्या चढला आणि खाली बसला, तोंड उघडं टाकून. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक, सात दिवसांनी दाखवणे’ एवढंच लिहिलेलं होतं. सात दिवसांनी ते दाखवून झालं होतं.

त्या कार्डावर मला पुढची तारीख हवी आहे, आणि तिच्या पुढची.

आपली नम्र,
बाल अतिदक्षता विभागातील एक परिचारिका