बाबांच्या जागेपासून मोजलेली खोली

गावभाग, सांगली
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा वायरमन भिंतीला झिऱ्या मारत होता, धड काही ऐकू येईना. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

घरी सिनेमा बघायची वरची खोली उभी राहिली. २०१९ च्या महापुरात खालचा मजला पाण्यात गेला, तेव्हाच ठरवलं होतं की यापुढं मोलाची वस्तू वरच ठेवायची. खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद. शनिवारी गवंडी गिलाव्याला येतोय. त्याआधी स्पीकरच्या जागा पक्क्या व्हायलाच हव्यात.

नकाशात सोफा बरोबर मधोमध, ७ फुटांवर काढला होता. परवा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यात ठेवला, दार-खिडक्या लावून घेतल्या आणि मोबाइलवरून ४० हर्ट्झचा सूर सोडला. पडद्याच्या भिंतीपाशी उभा होतो तोवर छातीत घुमत होतं. चालत मध्यावर आलो आणि घुमारा विरूनच गेला! आणखी दोन पावलं मागं सरकलो, तर परत हजर. १४ फुटांत त्या सुराची अर्धी लाट नेमकी मावते, त्यामुळं दोन्ही भिंतींशी दाब भरपूर आणि मध्यावर जवळजवळ काहीच नाही. सोफा तिथंच ठेवला असता तर खर्ज खोलीभर असता, फक्त आपल्यापाशी नसता. मागच्या भिंतीला टेकवला असता तर नुसता धबधबाट. म्हणून बसायची जागा ९ फुटांवर नेली.

आता खरी गोष्ट सांगतो. ही खोली मी बाबांसाठी बांधतोय. हल्ली त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. भावे नाट्यमंदिरात पुढच्या रांगेसाठी सकाळी जाऊन तिकीट काढणारा माणूस, आता टीव्हीसमोर बसून "काय म्हणाला रे तो?" असं विचारतो. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावातल्या इतक्या जुन्या प्रेक्षकाला संवाद चुकावेत, हे मला बघवत नाही. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधूनच येतात. बजेटमधला मोठा वाटा मी त्यालाच दिलाय. तो पडद्याच्या खाली, कपाटात न कोंबता, तोंड थोडं वर करून, थेट बाबांच्या कानाच्या रोखानं बसेल. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "बोलणाऱ्याचं तोंड हलतं तिथूनच आवाज आला पाहिजे, एवढं बघ."

मग त्यांची प्लास्टिकची खुर्ची ९ फुटांवर मांडली, त्यांना बसवलं आणि कान जमिनीपासून किती उंच येतो ते टेपनं मोजलं. सव्वातीन फूट. खुर्चीच्या मधोमध जमिनीत खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली आणि पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसलो. डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून २२ ते ३० अंशांत हवा. मला २७ बरोबर जमले. भिंतीपासून फूटभर पुढं, दोन्हींत सव्वाआठ फुटांचं अंतर, पडदा बरोबर मध्ये.

अडलं ते दाराशी. सराउंड, म्हणजे बाजूचे-मागचे स्पीकर, ११० अंशांवर लावायचे ठरवले होते आणि डावीकडं नेमकं तिथंच दार! दार हलवायचं म्हणजे जिन्यापासून सुरुवात. दोन दिवस झोप नाही. शेवटी ११० ते १२० एवढी मुभा आहे हे ध्यानात आलं. १२० अंश म्हणजे खुर्चीच्या मागं सव्वातीन फूट, दाराच्या चौकटीला अगदी लागून. उजवीकडं दार नाही, तरी तिथंही १२०च धरलाय. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. उंची कानापेक्षा फूटभर जास्त.

तू ७.१, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर, सुचवलं होतंस. पण डोक्यामागं जेमतेम पाच फूट उरतात. एवढ्यात चार स्पीकर दाटीवाटीनं बसवले तर मागचा आवाज कानाशीच चिकटून राहील. मी ५.१ वर, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरवर, थांबलोय. छताला मात्र दोन रिकामे पाइप, आत ओढायची तार घालून, सोडून ठेवतोय. पुढं कधी वरचे स्पीकर घेतले तर फोडाफोडी नको. स्पीकरची वायर अडीच एमएमची तांब्याची, लाइटच्या पाइपापासून वेगळी.

टाळी वाजवली की खोली अजून झणाणते. पोरगी भिंतीवरून आरसा सरकवते, मी बाबांच्या खुर्चीत बसून बघतो. आरशात स्पीकर दिसला की आवाज तिथंच आपटून बाबांकडं येणार, म्हणून तिथं खडूची फुली. त्या फुल्यांवर कापूस भरलेल्या गाद्या चौकटीत बसवायच्यात, गादीवाल्याला माप दिलंय. खाली जाड जमखाना.

सबवूफरची जागा अजून ठरलेली नाही. तो बाबांच्या जागेवर ठेवून खोलीभर रांगत ऐकायचं, जिथं खर्ज स्वच्छ लागेल तिथं तो कायमचा ठेवायचा. यात मला तुझे कान हवेत. शुक्रवारपर्यंत ये, तुझा मोजायचा माइक घेऊन ये. वायरमनला संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवतो.

काकूंना नमस्कार सांग. बाबांनी तुझी आठवण काढलीय.

तुझा,
विजू