अण्णा, मी इतिहास मागितला होता

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभाला मी मागच्या रांगेत होते. शाल झाली, नारळ झाला, ‘मनमिळाऊ स्वभाव’ झाला, चहा-कुंदा झाला. इतकी वर्षं त्या ग्रंथालयात तुम्ही नक्की काय केलंत, ते मात्र कुणी बोललं नाही. बोलणार तरी कोण? व्यासपीठावरचे किती जण मागच्या कपाटांपर्यंत गेले असतील, देव जाणे. उठून बोलायचा धीर तेव्हा मलाही झाला नाही, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर आठवडाभर माझा फोन उचलणार नाही तुम्ही.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत प्रदर्शन करायचं ठरलं होतं, ‘आपला भाग, आपला इतिहास’. माझ्या डोक्यात ते तयारच होतं. दोन किल्ले, चार राजे, थर्माकोलचा एक बुरूज. बेळगावला येऊन तुमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘बेळगावचा इतिहास, जे असेल ते.’ हे ‘जे असेल ते’ तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. पाऊण तासानं आलात ते छातीशी चळत घेऊन, वरचं पुस्तक हनुवटीनं दाबून धरलेलं. वर वटवाघळांवरचं काहीतरी. त्याखाली डॉक्टरांच्या मासिकातल्या लेखाची झेरॉक्स. त्याखाली व्याकरण. अगदी तळाला ‘एपिग्राफिया इंडिका’चा, म्हणजे शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या मालिकेचा, १३वा खंड, पुठ्ठा सुटलेला, सुतळीनं बांधलेला.

‘अण्णा, मी इतिहास मागितला होता.’

‘व्हय की. मग हे काय हाय? बघा तर आधी. नको वाटलं तर परत ठेवायला मीच हाय.’

खरं सांगते, राग आला होता. चारची बस गाठायची होती आणि तुम्ही माझ्यापुढे वटवाघूळ ठेवलंत.

सुतळी आधी सोडली, कारण तेवढंच माझ्या कामाचं वाटलं. लंडनमध्ये बसून बार्नेट नावाच्या पंडितानं बेळगावच्या दोन हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नडमधल्या, शिलालेखांचं वाचन छापलंय. साल १२०४. रट्ट घराण्यातला चौथा कार्तवीर्य वेणुग्रामाहून, म्हणजे आपल्या बेळगावाहून, राज्य करतोय आणि त्याचा अधिकारी बीचिराज यानं बांधलेल्या जिनालयाला, म्हणजे जैन मंदिराला, दानं दिली जातायत. किल्ल्यातली कमलबस्ती ती हीच (बस्ती म्हणजे आपल्याकडं जैन मंदिर). मान दुखेपर्यंत वर बघायला लावणारं ते छतातलं दगडी कमळ मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण ते कुणी बांधलं हे लिहून ठेवलेल्या शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर तुमच्याकडून कळलं. तुम्ही ओळींवर बोट ठेवून अडखळत वाचत होता. ‘शाळेत हळेकन्नडच्या दोन कविता, तेवढंच आपलं भांडवल,’ असंही म्हणालात. मग व्यापाऱ्यांनी कुठल्या मालातला किती वाटा बस्तीला द्यायचा, त्या यादीवर बोट थांबलं. ‘बाई, हे म्हंजे रविवार पेठेतलं पावती पुस्तकच की!’

माझे चार राजे तिथंच पडले, अण्णा. पोरांना राजा नको असतो, पावती पुस्तक कळतं. (याच लेखांच्या ठशाची नक्कल मागायला एका कार्यालयात गेले होते. तीन आठवडे साहेब मीटिंगलाच होते. बहुधा अजून आहेत.)

आता व्याकरण. त्याबद्दल आभार मानायचे आहेत आणि माफीही मागायची आहे. तुम्ही बोलताना ‘बस आलं’, ‘पेटी उघडलं’, ‘चावी हरवलं’ म्हणता. आम्ही मास्तरीण मंडळी त्यावर आडून हसायचो. मी तर एकदा स्टाफरूममध्ये तुमची नक्कलही केली होती. तुम्ही दिलेला लेख गम्पर्झ आणि विल्सन या दोघा भाषा-अभ्यासकांचा, १९७१ सालचा, सांगलीजवळच्या कुपवाडचा. त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू शेकडो वर्षं एकमेकींच्या अंगाला अंग लावून नांदलेल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची बांधणी इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं तर शब्दागणिक शब्द बदलला की काम झालं. आणि तिथल्या मराठीनं निर्जीव वस्तूंना कन्नडसारखं सरसकट नपुंसकलिंग लावलेलं. कन्नडमध्ये बस ‘बंतु’, म्हणून मराठीत बस ‘आलं’. चूक कसली? तो नियमच, फक्त आमच्या पाठ्यपुस्तकातला नाही.

लेख पुढ्यात ठेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, ‘ह्यात आपल्यासारखं बोलणारं लोक हाय.’ माझ्या नकलेचं तुमच्या कानावर गेलं होतं का, हे विचारायचं धाडस अजून होत नाही.

झेरॉक्सचं तर मी पहिलं पान बघूनच बाजूला सारणार होते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, त्यात प्रदर्शनात काय मांडणार? तुम्ही पान उलटून दाखवलंत, ‘बेळगाव जिल्हा’. २००२ ते २००५ या काळात आपल्याच खेड्यांत झालेलं काम, २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेलं. मिझोप्रोस्टॉल नावाची गोळी बाळंत झाल्याबरोबर दिली तर रक्तस्राव कमी होतो का, एवढाच प्रश्न. डॉक्टर हाताशी नसलेली बाळंतपणं, ती करणाऱ्या २५ नर्सबाई आणि १६२० बाळंतिणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणती कुणाला, हे ना नर्सबाईंना ठाऊक ना बाळंतिणीला. रक्त अंदाजानं नाही मोजायचं. बाईच्या खाली प्लास्टिकची एक शीट, तिला खाली नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणींचं प्रमाण खोट्या गोळीत १२ टक्के होतं, खऱ्या गोळीत ६.४ टक्के निघालं.

त्या पिशवीची नक्कल आम्ही दुधाच्या पिशवीवर मार्करनं रेघा मारून केली आणि त्यात कोकमाचं सरबत ओतलं. आधी मुलांनी नुसतं बघून किती ते सांगायचं, मग रेघ वाचायची. बहुतेकांचा अंदाज कमीच निघाला. एका पोराची आई आशा कार्यकर्ती आहे. ती त्या टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, खोटी गोळी मिळालेल्या बायकांचं काय?’ मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न कागदावर लिहून टेबलावरच चिकटवला आणि दिवसभर तसाच ठेवला. माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनात तोच कागद सगळ्यात मोलाचा होता.

आणि वटवाघूळ. अण्णा, सगळ्यात जास्त गर्दी तुमच्या वटवाघळानं खेचली! तळेवाडीच्या रानातल्या बारापेडे गुहा आमच्या शाळेपासून फार लांब नाहीत, पण तिथलं वटवाघूळ जगात कितीतरी वर्षं फक्त तिथूनच माहीत होतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत ते सापडलं आणि १९१३ साली ओल्डफिल्ड थॉमस यांनी लंडनहून त्याला शास्त्रीय नाव दिलं, ‘ओटोमॉप्स रॉटनी’. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडेपर्यंत त्याचा पत्ता एकच, खानापूर तालुका. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ साली, म्हणजे वटवाघळाला नाव मिळाल्यावर ९८ वर्षांनी. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, आमचे आजोबा रोज त्या रानात जायचे, मग शोध साहेबांनी कसा काय लावला?’ याला तुमच्याकडं पुस्तक आहे का?

देगावच्या कमलनारायण मंदिराचं तुम्ही दिलेलं पुस्तक मी जेमतेम चाळलं. त्यातली एकच गोष्ट फळ्यावर लिहिली. कदंब राणी कमलादेवीनं ते बाराव्या शतकात बांधवलं, आणि ज्यानं ते घडवलं त्या स्थपतीचं नाव, तिप्पोज, टिकून राहिलंय. गवंडीकाम करणाऱ्या दोन पालकांनी त्या नावापाशी फोटो काढून घेतले.

जाता जाता तुम्ही गुर्लहोसूरचं सांगितलंत तेही टेबलावर आलं. मलप्रभेकाठचं एवढंसं गाव, पण संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तिथले, बेळगावात सायकलींचं दुकान काढून पुढे कारखानदार झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथले आणि कन्नड-मराठीच्या मुळांचा शोध दोन्ही भाषांत लिहून मांडणारे शं. बा. जोशीही तिथलेच. ‘तिथलं पाणी आणून प्यायला पायजे,’ असं तुम्ही म्हणालात. मुलांनी ते अगदी गंभीरपणे वहीत उतरवून घेतलं. आता सहल तिकडं न्यावी लागणार.

प्रदर्शनाच्या पाटीवरचं ‘आपला इतिहास’ आम्ही शेवटी खोडलं आणि खडूनं लिहिलं, ‘आपल्याकडं कुणी कुणी काय काय शोधलं’. मुख्याध्यापकांना ते लांबलचक वाटलं. मलाही वाटतं, पण याहून आखूड सुचलं नाही.

तुमच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे. संगणकावर झटकन शोधतो. मी ‘बेळगाव, इतिहास’ सांगितलं, त्यानं इतिहासाचीच पुस्तकं काढून दिली. त्याची काही चूक नाही, मी मागितलं तेच दिलं. मला परत यावं लागलं ते वेगळ्याच कारणानं. १३वा खंड कपाटात नव्हता आणि तो सुतळीचा गठ्ठा तुम्ही कुठं ठेवायचा ते तुम्हालाच ठाऊक. तेवढं त्याला एकदा येऊन दाखवा. खळ आणि जाड पुठ्ठा मी घेऊन येते, बांधणी तुम्ही शिकवा.

झेरॉक्सचे पैसेही तुम्ही तेव्हा घेतले नव्हते. रविवारी सकाळी येते. घरीच असा. खानापूरचं बस वेळेवर आलं तर दहापर्यंत पोचते.

तुमची,
चिठ्ठीत ‘जे असेल ते’ लिहिणारी बाई