घे गं तुझा सांबार

पुणे, २४ नोव्हेंबर

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. "आई, तुला नाही कळायचं," म्हणालीस. बाबा म्हणाले, दोन-चार दिवस तिला फोन करू नकोस. म्हणून हे पत्र. नंदूमामाच्या ऑफिसातला मुलगा शुक्रवारी तुझ्याकडे जर्मनीत, स्टुटगार्टला निघतोय, भाजणीबरोबर देते.

शुक्रवारी संध्याकाळपासून एका माणसाशीही बोलले नाही, हे तू इतक्या सहज सांगितलंस की मला रात्रभर झोप नाही. रविवारी दुकानं बंद, साडेचारला अंधार, हे सगळं समजलं. पण कुणाशीच नाही? बेकरीत तू पाव म्हणून 'ब्रोएटशेन' मागितलंस, त्या बाई त्यालाच तिथल्या बोलीत 'वेकले' म्हणाल्या आणि पुढचं इंग्रजीतच बोलल्या. तेव्हापासून तू सुपरमार्केटात जाऊन मशीनवर आपलं आपण बिल करून येतेस. अगं, भर पावसात स्कूटरवरून मॅक्स म्युलर भवनात जाऊन जर्मनची बी-१ परीक्षा पास झालेली मुलगी तू! फ्रिजवरची तुझी 'डेअर क्यूलश्रांक', म्हणजे 'तो फ्रिज', ही चिठ्ठी मी अजून काढलेली नाही. तूच मला सांगितलंस, तो-ती-ते त्यांच्यातही आहे, आणि एकवीस म्हणताना तेही आपल्यासारखे आधी एक म्हणतात, मग वीस. आल्यागेल्याला मी हे सांगत असते.

लेक्चर द्यायचं नव्हतं. चुकलं. पण मला कळत नाही असं नको म्हणूस.

१९९४ साली मी अकोल्याहून नारायण पेठेत आले. पहिल्याच आठवड्यात मंडईत म्हटलं, "भाऊ, एक जुडी सांबार द्या." तो म्हणाला, "सांबार हॉटेलात मिळतं, वहिनी." शेजारच्या दोघी हसल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? पण माझे कान तापले. घरी 'मले' म्हटलं की आत्या हळूच 'मला' म्हणायच्या. प्रेमानेच म्हणायच्या, पण मी गप्प होत गेले. सात-आठ महिने मी मंडईत नुसतं बोट दाखवून भाजी घेतली. तुझं ते मशीन म्हणजे माझं बोटच आहे, मुक्ता.

मग एक म्हातारी भाजीवाली, कोपऱ्यावर बसायची. तिने एकदा विचारलं, "बोलत का नाहीस गं? गावाकडं काय म्हणतात हिला?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोत्याखालून जुडी काढून म्हणाली, "घे गं तुझा सांबार." ओली, मुळांना माती असलेली. तिथेच मला रडू आलं. तुझ्या जन्मानंतर तिने डिंक पाठवला होता, तोच आजीने लाडवात घातला.

तर सांगायचं हे, की तुझ्या जिन्यातल्या त्या आजीबाई. तू म्हणालीस, त्यांनी बेल वाजवून दारावरच्या पाटीकडे बोट दाखवत बरंच सुनावलं. ती केरवोखेची पाटी ना? आठवडाभर जिना झाडायची आपली पाळी. नावातच केर आहे, म्हणून माझ्या लगेच लक्षात राहिलं. वाड्यात नळाजवळची फरशी घासायची पाळी चुकली की आम्हालाही असंच ऐकावं लागायचं. ज्या ऐकवायच्या, त्याच संध्याकाळी वाटीभर आमटी आणून द्यायच्या. त्या आजीबाई रागावल्या, म्हणजे निदान तुझ्याशी बोलल्या तरी. बाकी कुणी बोलतं का गं?

बघ, परत तेच विचारलं. ठरवलं होतं, विचारायचं नाही.

रोज फोन कर असं म्हणत नाही. परत ये असंही नाही, जरी बाबा विमानाची तिकिटं बघत बसतात. एवढंच कर. शनिवारी झाडू घेऊन जिन्यात थांब. त्या बाहेर आल्या की त्यांनाच विचार, कोपऱ्यातला केर कसा काढायचा. वाक्य चुकलं तर चुकू दे. आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळव, तुला समजलं नसलं तरी जसं ऐकू आलं तसं.

तुझी,
आई