इपॉक्सीची झीज वाळूत मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरण्याचे हे दिवस. काचतंतू, उसाचे चिपाड, ग्रॅफाइट, अ‍ॅल्युमिना असे काहीबाही घालून मजबूत केलेल्या इपॉक्सीवर (हार्डनर मिसळला की घट्ट होणारे राळेसारखे प्लास्टिक) कोणी ना कोणी काम करतेच. त्या मुलांना आणि त्यांच्या सरांना कळकळीची विनंती आहे : नुसती ताणशक्ती (ओढून तुटेपर्यंत किती ताण सोसतो ते) काढून थांबू नका, झीजही मोजा, आणि ती वाळूत मोजा.

आपल्या फौंड्र्यांना (ओतशाळांना) लागणारे इपॉक्सीचे पॅटर्न (वाळूत साचा उठवायची वस्तूची प्रतिकृती) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, पाडायची पेटी) ओढून तुटत नाहीत, वाळूने झिजतात. पॅटर्नची कड झिजली की कास्टिंग (ओतलेला भाग) लहान येते, मशीनिंगला माल उरत नाही. कोअर बॉक्सचे उलटे. पोकळी झिजून मोठी होते, कोअर जाड येतो आणि कास्टिंगची भिंत आतून पातळ पडते. हे वरून दिसत नाही. पंपाची बॉडी दाबाच्या चाचणीत गळायला लागली की मग शोधाशोध.

प्रकल्पांत झीज सहसा पिन-ऑन-डिस्क यंत्रावर काढतात, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या जी ९९ प्रमाणे. नमुना फिरत्या पोलादी तबकडीवर घासतो. बुश-बेअरिंगसाठी हे योग्यच, तिथे ग्रॅफाइट घातले की घर्षण उतरते. वाळूपुढे ते चालत नाही. वाळूतल्या सिलिकाचा कण कठीणपणाच्या मोह्स मापावर (१ ते १०) ७ इतका कठीण, तो इपॉक्सी खरवडतो, काचतंतू उघडे पाडून तोडतो. ताणशक्ती कितीतरी वाढलेला तंतूंचा नमुना अशा खरवडीत साध्या इपॉक्सीपेक्षा जास्तही झिजू शकतो! यासाठी एएसटीएमचीच जी ६५ चाचणी आहे : फिरते रबरी चाक आणि नमुना यांच्यामधून कोरडी वाळू सोडतात. प्रमाणित वाळूवर एकदा झाली की फौंड्रीतल्या वाळूवरही ती करून बघा.

झीज ग्रॅमवर सोडू नका, घनफळात काढा. इपॉक्सीची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनाची जवळपास ४. भरपूर पूड घातलेला नमुना तेवढेच घनफळ गमावूनही वजनात जास्त घटतो, आणि चांगले मिश्रण विनाकारण नापास होते. पूड, हार्डनर किती, किती तापमानाला किती वेळ पक्के केले, हेही लिहा. त्याशिवाय पॅटर्नवाल्याला ते मिश्रण पुन्हा करता येत नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून वाळू मिळवून द्यायची जबाबदारी माझी. झिजलेले कोअर बॉक्सही दुकानात ठेवलेत, ते येऊन मोजावेत.

आपला,
एक पॅटर्नमेकर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर